कृपया लाइनवर राहा

माझ्या विभागाचं नाव निष्ठा.
काम एवढंच, की सोडून निघालेल्याला
निघू द्यायचं नाही.
पडद्यावर तीन चौकटी:
आधी सहानुभूती, मग सवलत, मग संगीत.
संगीत सगळ्यात स्वस्त पडतं.

बक्टूशला जानेवारीत पाचच्या आत दिवा लावावा लागतो.
खाडी गोठलेली, कालवांच्या होड्या पालथ्या घातलेल्या,
कंपनीनं ऑफिस बंद केल्यापासून
फ्रीज आणि खिडकी यांच्या मधली जागा
हेच माझं ऑफिस.
फोनवर माझं नाव डेब्रा.

एकोणिसावा कॉल.
बाई म्हणाली, "वीस डॉलर म्हणाला होतात.
पत्रकावर माझ्या तळहाताएवढा वीस होता.
बिल एकोणनव्वदचं आलंय."
मी म्हणाले, ते पहिल्या तीन महिन्यांपुरतं, मॅडम,
खाली लिहिलंय.
"खाली कुठे?"
अगदी खाली.
"तिथे मुंग्यांची रांग होती," ती म्हणाली.
"मला वाटलं, कागदावर काही गोड सांडलंय."

मी हसले नाही. हसणं रेकॉर्ड होतं.

आठ ते पाचच्या मध्ये माणूस येईल
म्हणून तिनं तीन मंगळवार घर सोडलं नव्हतं.
तिसऱ्या मंगळवारी संदेश आला:
आम्ही आलो होतो, घरी कोणी नव्हतं.
"मी दारातच बसले होते, कोट घालून.
बर्फावर पावलं उमटली होती ती मांजराची."

आवळा देऊन कोहळा काढतात, मला ठाऊक आहे.
आवळा हातावर ठेवणारी मीच.
दुसरी चौकट वाचून दाखवली:
दहा टक्के सूट, दोन वर्षांच्या करारावर.
"मी एक्क्याऐंशी वर्षांची आहे," ती म्हणाली.
याला पडद्यावर उत्तर नव्हतं.

तेवढ्यात तिच्या बाजूनं बर्फ ढकलणारी गाडी गेली,
फाळ दगडाला लागून कर्रर्र झाला.
मी गप्प राहिले, गाडी लांब जाऊ दे म्हणून.
ती लांब गेली नाही.
माझ्या खिडकीसमोर आली,
पिवळा दिवा फ्रीजवरून फिरवला,
आणि तीच कर्रर्र.

पत्ता आम्ही वाचत नाही,
पोस्टल कोडचे शेवटचे तीन अंक पुरतात.
आता वाचला.
लेओकादी आर्सेनो, चार घरं सोडून.
सहावीत हिनं मला भागाकार शिकवला होता.
बाकी उरली तर लपवायची नाही, म्हणायची.
इंग्रजीत आम्हा दोघींचे आवाज वेगळे असतात,
नाहीतर पहिल्याच वाक्याला ओळखलं असतं.

कृपया लाइनवर राहा, मी म्हणाले,
आणि तिसरी चौकट दाबली.
नवऱ्याचे बूट हाताला आले, तेच घातले.

तिच्या टेबलावर स्पीकर चालू होता,
माझंच संगीत,
मध्ये मध्ये कुणीतरी सांगत होतं
तुमचा कॉल आम्हाला महत्त्वाचा आहे.
"ओदेत, बस," ती फ्रेंचमध्ये म्हणाली,
"मी जरा फोनवर आहे.
मुलगी बरी वाटते. बघून सांगते म्हणाली."

बसवेना.
एक वाक्य असतं, ते उच्चारलं की दंड माफ होतो.
आम्हाला ते शिकवतात,
गिऱ्हाइकानं विचारलं तरी सांगायचं नाही म्हणून.
बिलाच्या पाठीवर मी ते लिहिलं,
पत्रकातल्या विसाएवढ्या अक्षरांत,
तिचा चष्मा वर ठेवला,
आणि निघाले, घसरत, एकदा कुंपणाला धरून.

होल्ड: नऊ मिनिटं अकरा सेकंद.
थांबल्याबद्दल आभार, मॅडम.
पलीकडे कागद सरळ केल्याचा आवाज.
मग तिनं ते वाक्य वाचलं,
एकेक शब्द, फळ्यासमोरच्या आवाजात.
मी कळा दाबल्या. खातं बंद झालं.

जरा वेळ कोणीच बोललं नाही.
मग फ्रेंचमध्ये, हळूच,
"आणि बाकी?"

शून्य, बाई, मी म्हणाले,
फ्रेंचमध्येच.
ते रेकॉर्ड झालं.